कळा, ठोके आणि बाळाचा मेंदू

(संस्थेच्या वार्षिक संमेलनानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून बाळंतपणाविषयी बोलावे की नाही, असा संकोच काहींच्या मनात असेल तर तो मी समजू शकते. समोर मुलेमुलीही बसली आहेत. परंतु विषय शाळेचाच आहे. शाळा ज्या अवयवावर वर्षानुवर्षे मेहनत घेते तो अवयव म्हणजे मेंदू, आणि त्या मेंदूचा सर्वांत अवघड प्रवास शाळेत नाव घालण्याच्या पुष्कळ आधी, जन्माच्या वेळच्या आठ-दहा तासांत होऊन जातो. तो प्रवास नीट झाला नाही तर पुढे उत्तम शिक्षकालाही फारसे काही करता येत नाही.

गावोगावच्या शिक्षकांना विचारा. बहुतेक गावांत एखादे तरी मूल असे आढळते की ज्याने मान वेळेवर धरली नाही, तीन वर्षांचे झाले तरी जे आधाराशिवाय बसत नाही, ज्याचे हातपाय ताठ राहतात, ज्याला फेफरे येतात. हजेरीपटावर त्याचे नाव बहुधा नसतेच. घरात कारणे मात्र तयार असतात. कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते सून ग्रहणात बाहेर निघाली, कुणी म्हणते रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम केले म्हणून असे झाले. सारा दोष फिरून फिरून एका बाईच्या माथी येतो, आणि तिला तर उलट बोलण्याचीही सोय नसते.

अशा सर्वच मुलांचे नुकसान जन्माच्या वेळी होते असे नाही. पण काहींचे होते, आणि त्यातले बरेच टाळता येण्यासारखे असते. जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूत काय चालले आहे हे बाहेरून पाहता येते का, आणि ते पाहता येत नसेल तर त्या मेंदूला वाचवायचे कसे, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

पोटातले बाळ नाकाने श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो वारेतून, नाळेवाटे. कळ आली की गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो आणि वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या दाबाखाली येतात. तेवढा वेळ बाळाचा पुरवठा जवळजवळ थांबतो. कळ ओसरली की रक्त पुन्हा वाहू लागते. वैनगंगेत बुडी मारणारा पोरगा छातीत हवा भरून घेतो, पाण्याखाली तेवढ्यावर निभावतो आणि वर येऊन पुन्हा दम घेतो, बाळाचेही तसेच. एका बुडीने काही होत नाही. शंभर बुड्या मारल्या तरी निरोगी बाळाला काही होत नाही, मात्र दोन बुड्यांमध्ये त्याला दम घ्यायला सवड मिळाली पाहिजे. पोरगा वर आल्याबरोबर कुणी त्याचे डोके पुन्हा पाण्याखाली दाबले तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर नको.

पूर्ण दिवसांच्या बाळाचा मेंदू सुमारे साडेतीनशे ग्रॅमचा असतो, म्हणजे त्याच्या सबंध वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून थोडा अधिक. पण प्राणवायू आणि साखर यांचा फार मोठा वाटा तो एकटाच खातो. निसर्गाने त्याची सोय करून ठेवली आहे. पुरवठा कमी पडू लागला की बाळाचे शरीर हातपाय, आतडी, मूत्रपिंडे यांच्याकडचे रक्त आखडते घेते आणि ते मेंदूकडे व हृदयाकडे वळवते. घरात धान्य संपत आले की मोठी माणसे अर्धपोटी राहून लेकराचे ताट भरतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच बहुतेक बाळे या परीक्षेतून सुखरूप पार पडतात. ज्या बहिणी आज दिवसांत असतील त्यांनी घाबरून जाऊ नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. तंगी लांबली आणि ही राखीव सोयही संपली, की मग मेंदूच्या खोल भागातल्या पेशी मरू लागतात. त्या परत येत नाहीत.

आता साहजिकच प्रश्न येतो की मेंदूच वाचवायचा आहे तर थेट मेंदूवरच नजर का ठेवू नये? मेंदूचे काम विजेवर चालते. जर्मनीतील हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरींची नोंद प्रथम घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिलाच आपण आज ई.ई.जी. म्हणतो, फेफऱ्याच्या रोग्यासाठी नागपूरला हा तपास अनेकांनी करवून घेतला असेल. पोटातल्या बाळाचाही असा आलेख काढता येईल हे शास्त्रज्ञांच्या लवकरच ध्यानी आले. अमेरिकेत डोनाल्ड लिंडस्ले यांनी १९४२ मध्ये आईच्या पोटावरून तसा प्रयत्न केला. पुढे १९६० नंतरच्या दशकात मॉर्टिमर रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कळा चालू असताना, पाणमोट फुटल्यावर, थेट बाळाच्या डोक्याच्या कातडीला छोटे इलेक्ट्रोड लावून लहरी टिपल्या. जगाने अजून न पाहिलेल्या माणसाच्या मेंदूचे अक्षर कागदावर उमटले! काही बाळांत त्यांना असे दिसले की ठोके फार मंदावले की मेंदूच्या लहरीही दबतात, आणि ठोके सावरले की त्याही परत उठतात.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी यातली अडचण समजून घेण्याजोगी आहे. टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा असतो. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट. बाळाच्या डोक्यावर मिळणारी मेंदूची लहर अशा काही दशक मायक्रोव्होल्टची. तिच्या शेजारी बाळाचे हृदय धडधडते आहे, त्यावर आईचे हृदय आहे, गर्भाशयाचा अवाढव्य स्नायू आवळतो आहे, आई कुशी बदलते आहे, जोर करते आहे, आणि या प्रत्येकाची वीज वेगळी. तुमसरच्या धानाच्या बाजारात बोली रंगात आली असताना पलीकडच्या कोपऱ्यात कुणी कानगोष्ट करीत असेल ती टिपून घ्यायची, तसा हा उद्योग. त्यात बाळाचे केस ओले, कातडीवर पांढरा चिकट थर, इलेक्ट्रोड घसरतो. लहर मिळाली तरी ती वाचणारा जाणकार रात्री दोन वाजता उभा हवा. बाळ जागे आहे की झोपले आहे यानेही लहर बदलते. होय, बाळे जन्माच्या वाटेवरही झोपतात.

सबब, पन्नास-साठ वर्षे लोटली तरी ही पद्धत प्रयोगशाळेतून प्रसूतिगृहात आलेली नाही. प्रयत्न मात्र सुटलेला नाही. मेंढीच्या गर्भावर कॅनडातील संशोधकांनी केलेले प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. प्राणवायू कमी पडला की रक्तात आम्ल साठते. ते घातक पातळीला पोचण्याच्या बऱ्याच आधी मेंदूच्या लहरी ठोक्यांबरोबर दबू लागतात, असे त्यांना आढळले. तेच माणसाच्या बाळात खात्रीने दिसले तर डॉक्टरच्या हाती मोलाचा अवधी येईल. मेंदूच्या विजेभोवती जे सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र तयार होते ते टिपणारी यंत्रेही अमेरिकेत व जर्मनीत आहेत. पण त्यांना बाहेरचे चुंबकत्व अडवणारी खास खोली लागते आणि आईला स्थिर बसावे लागते. कळा देणाऱ्या बाईला स्थिर बसा म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग तोवर काय? तोवर हृदय. हृदयाच्या ठोक्यांवर मेंदूचा लगाम असतो. मेंदूला रक्त कमी पडू लागले, नाळ दाबली गेली, की ठोक्यांची चाल बदलते. दिवाणखान्यात काय चालले आहे ते दिसत नसले तरी ओसरीवरच्या हालचालीवरून अंदाज येतो, तसे हे आहे. पुरावा अप्रत्यक्ष आहे, पण हाताशी आहे. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असावेत. कळ आल्यावर ते थोडे खाली जाऊन लगेच सावरले तर सहसा चिंता नसते. कळ ओसरल्यावरही ते खालीच राहिले, सावरायला वेळ घेऊ लागले, तर बाळाची राखीव पुंजी संपत आली असे समजावे. म्हणून ठोके केव्हाही ऐकून चालत नाही. कळ संपता संपता कान लावायचा आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. बाळंतपणाच्या पहिल्या भागात, कळा नीट लागल्यावर, दर पंधरा ते तीस मिनिटांनी. आणि आई जोर करू लागली की दर पाच मिनिटांनी. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे आहे.

याला यंत्र काय लागते? फ्रान्समधील आदोल्फ पिनार यांनी १८९५ साली प्रचारात आणलेले लाकडी शिंग आजही काम देते. वीज लागत नाही, सेल लागत नाहीत, बिघडत नाही. हल्ली आवाज सर्वांना ऐकू येईल असे हातात मावणारे डॉप्लर यंत्र पुष्कळ ठिकाणी असते आणि तेही उत्तम. शिंग असो की डॉप्लर, त्यामागे घड्याळ हातात धरलेले आणि खाटेपाशी थांबलेले माणूस लागते.

मोठ्या दवाखान्यांत आईच्या पोटाला पट्टे बांधून ठोके आणि कळा एकाच कागदावर सतत उमटवणारे यंत्र असते. त्याला सी.टी.जी. म्हणतात. हे यंत्र आले तेव्हा सर्वांना वाटले की आता जन्माच्या वेळचे मेंदूचे नुकसान इतिहासजमा होणार. आयर्लंडमधील डब्लिन येथे सुमारे १३,००० बायकांवर याची तुलना झाली आणि निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या बायकांना सतत यंत्र लावले, निम्म्यांचे ठोके परिचारिकांनी ठराविक वेळाने कानाने ऐकले. यंत्र लावलेल्या गटात नवजात बाळांना झटके येण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, ही गोष्ट खरी. पण मृत्यू दोन्हीकडे सारखेच, आणि मुले चार वर्षांची झाल्यावर पाहिले तर सेरेब्रल पाल्सीचे प्रमाणही दोन्हीकडे सारखेच. पुढच्या अनेक पाहण्यांतून हेही दिसले की सतत यंत्र लावल्याने सिझेरियनची संख्या वाढते, कारण यंत्र पुष्कळदा विनाकारणही धोक्याची घंटा वाजवते.

यावरून कुणी यंत्रे फेकून द्या असा अर्थ काढू नये. आईचा रक्तदाब वाढलेला आहे, बाळ वजनाने कमी आहे, कळा वाढवणारे सलाइन चालू आहे, तेथे सतत लक्ष हवेच. पण डब्लिनच्या त्या दवाखान्यात प्रत्येक बाळंतिणीपाशी एक परिचारिका थांबत असे, ही गोष्ट विसरता येणार नाही. तिथे यंत्राची बरोबरी केली ती एका सावध कानाने. जिथे यंत्र नाही आणि कानही नाही, तिथला हिशेब वेगळा.

आपल्या जिल्ह्याकडे येते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १०० पैकी ९४ हून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. पूर्वीची लढाई बाईला घरातून दवाखान्यापर्यंत नेण्याची होती. ती आपण बरीचशी जिंकली. आता प्रश्न असे आहेत की ती दवाखान्यात केव्हा पोचते, काय होऊन पोचते आणि पोचल्यावर तिच्यापाशी कोण थांबते.

यात मला सर्वांत जास्त भय कशाचे वाटत असेल तर ते घरी दिलेल्या सुईचे. कळा मंद आहेत, दादी घाईवर आली आहे, रात्र झाली आहे, तुमसर किंवा साकोली गाठायची तर गाडी हवी. मग कुणाला तरी बोलावून ‘कळा येण्याचे इंजेक्शन’ देवविले जाते. ते औषध ऑक्सिटोसिन. दवाखान्यात तेच औषध सलाइनमधून थेंब मोजून देतात, कळा जास्त झाल्या तर थेंब लगेच थांबवता येतात. दंडात एकदम टोचलेली सुई मात्र परत काढता येत नाही. कळांवर कळा येतात, मधली उसंत नाहीशी होते. मघाशी सांगितलेला बुडी मारणारा पोरगा आठवा. दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या की बाळाचा दम तुटू लागतो. बाळंतपण लवकर उरकले म्हणून घरात समाधान असते आणि बाळ मात्र रडत नाही. येथे एक खुलासा जरूर करते. बाळ जन्मल्यानंतर आईला रक्तस्राव होऊ नये म्हणून परिचारिका हीच सुई देते. ती योग्य आहे आणि ती घेतलीच पाहिजे. बाळ पोटात असताना घरी दिलेली तीच सुई मात्र घातक.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणमोट फुटून पाणी हिरवट गेले तर बाळाने पोटातच शी केली आहे. तसे प्रत्येक वेळी संकट असतेच असे नाही, पण ‘सकाळी पाहू’ म्हणण्याची ती वेळ नव्हे. बाळाची हालचाल मंदावली असे आई सांगत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवा. कोणत्याही यंत्राच्या आधी तिला कळते. १०२ आणि १०८ या क्रमांकांवर गाडी बोलावता येते, आणि २०११ पासून चालू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे आणि ने-आण यांस पैसे पडत नाहीत. हे आपल्या सर्व घरांना अजून ठाऊक नाही, याचे मला नवल वाटते.

पडद्याचा प्रश्नही बाजूला सारून चालणार नाही. पुरुष डॉक्टर असेल म्हणून शेवटच्या घटकेपर्यंत बाईला घरी ठेवणारी कुटुंबे आहेत. ठोके पोटावरून ऐकतात, त्याला अंगावरचे फारसे काही दूर करावे लागत नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते काम परिचारिकाच करतात. शिवाय सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एका स्त्री नातलगाने थांबण्यास मुभा द्यावी असे केंद्र सरकारचे २०१६ पासूनचे धोरण आहे. खाला असो, नणंद असो, आई असो, जी थांबेल तिने हात चोळत बसू नये. अदबीने विचारावे, ‘सिस्टर, ठोके किती आहेत? मघापेक्षा कमी तर नाहीत?’ या एका प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही, आणि गर्दीच्या वेळी परिचारिकेलाही आठवण राहते.

तुम्ही खाटेजवळ एक आखलेला कागद पाहिला असेल. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी १९७२ मध्ये त्याला जे रूप दिले, ते दूरच्या खेड्यातल्या परिचारिकेला बाई मोठ्या दवाखान्यात केव्हा पाठवावी हे वेळीच कळावे म्हणून. त्यावर एक रेघ असते. बाळंतपणाची चाल ती रेघ ओलांडू लागली की गाडी बोलवायची. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कागदाची नवी आवृत्ती काढली. हा कागद बाळंतपणानंतर एका दमात भरला तर तो फक्त दप्तर होतो, आणि तसे कधी कधी घडते हे मला लपवायचे नाही. कळा चालू असताना भरला तरच त्याचा उपयोग.

आणि जन्मानंतरचे पहिले मिनिट. न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये बाळाचा रंग, ठोके, श्वास, स्नायूंची ताकद आणि डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद यांना गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि जगभर न रडणाऱ्या बाळाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोवर असे बाळ बाजूला ठेवून द्यायचे प्रकार सर्रास होत. बाळ रडले नाही तर कोरडे करणे, पाठ चोळणे, आणि तरीही श्वास नसेल तर मिनिटाच्या आत पिशवी-मुखवट्याने हवा देणे, एवढ्याने बहुतेक बाळे परत येतात. आपल्याकडे बाळाच्या कानात अजान देण्याची रीत आहे, आणि ती आपणा सर्वांना प्रिय आहे. पण बाळ निळे पडले असेल, रडले नसेल, तर ते पहिले मिनिट परिचारिकेचे. तिला बाजूला सरा म्हणू नये. अजान दहा मिनिटांनी दिली तरी ती अजानच असते. कोणत्याही जाणत्या मौलवीसाहेबांना विचारा. श्वासाला दहा मिनिटे थांबवता येत नाही.

हे सारे करायला मोठी पदवी लागते काय? आपल्याच विदर्भातले उदाहरण देते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले. या बायका पाच ते दहा वर्षे शाळेत गेलेल्या. नवजात बाळाची तपासणी, गुदमरलेल्या बाळाला मुखवट्याने हवा देणे, जंतुदोष ओळखून औषध देणे हे त्या शिकल्या. ३९ गावांत हे काम झाले आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केवळ गुदमरून होणारे मृत्यू जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी झाले. शाळेत गेलेल्या पाच-दहा वर्षांचा याहून चांगला उपयोग मला तरी दुसरा माहीत नाही.

एका दुःखद गोष्टीचा उल्लेख टाळून पुढे जाणे भंडाऱ्यात शक्य नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागली. १० बाळे गेली, ७ वाचवता आली. त्या घरांचे दुःख शब्दांत मावणारे नाही. त्यानंतर काही आयांनी मला सरळ विचारले की असे असेल तर दवाखान्यात जायचे कशाला. त्यांची भीती खोटी नव्हती. परंतु त्या कक्षात बाळे होती ती उपचाराची गरज होती म्हणूनच, आणि तशी बाळे आजही जन्मतात. दवाखाना टाळल्याने ती वाचत नाहीत. विजेच्या तारा तपासल्या का, आग विझवण्याची साधने चालू आहेत का, रात्री कक्षात कोण असते, हे विचारण्याचा नागरिकांचा हक्क आहे, आणि आपल्या संस्थेसारख्या संस्थांनी तो बजावावा.

कुणी म्हणेल, जन्माच्या वेळी नुकसान झाले तर मागाहून औषध नाही का? पाश्चात्त्य देशांत २००५ पासून एक उपाय पुढे आला आहे. गुदमरलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस साडेतेहतीस अंशांच्या आसपास थंड ठेवायचे, म्हणजे मेंदूतील पेशींची पडझड थांबते. तिथे त्याने गुण येतो. आपल्याकडे येतो का हे पाहण्यासाठी भारत, श्रीलंका व बांगलादेश यांतील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर चाचणी झाली. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांतले एक. २०२१ मध्ये निकाल आला तो निराशेचा. थंड केलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के, न केलेल्यांत ३१ टक्के. कारणांची चर्चा अजून चालू आहे. आपल्याकडच्या बाळांचे नुकसान निराळ्या प्रकाराने, बहुधा अधिक आधीपासून, होत असावे असा एक अंदाज आहे. माझ्या दृष्टीने याचा अर्थ असा की आपल्यापाशी मागाहून करण्याचा उपाय थोडा आहे. जे करायचे ते कळा चालू असताना.

ज्यांच्या घरी जन्मतः न रडलेले बाळ आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. दोन महिन्यांत बाळ हसले का, चार महिन्यांत मान धरली का, आठ महिन्यांत बसले का, हे पाहा. शंका वाटली तर थांबू नका. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. मेंदू कोवळा असताना व्यायाम आणि उपचार सुरू झाले तर पुष्कळ फरक पडतो. आणि कृपा करून आईला दोष देऊ नका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या पुष्कळ मुलांत कारण जन्माच्या वेळचे नसतेच. दिवस भरण्याआधी जन्म, गर्भातील जंतुदोष, जन्मानंतरची तीव्र कावीळ, अशी कितीतरी कारणे असतात. ग्रहण त्यांत नाही.

श्रोत्यांकडून काही चिठ्ठ्या आल्या आहेत. एका विद्यार्थ्याने विचारले आहे की बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावल्याने त्याला शॉक बसतो का. नाही. इलेक्ट्रोड वीज देत नाही, फक्त टिपतो. कातडीवर किंचित ओरखडा उठू शकतो, एवढेच.

एका वडिलांनी लिहिले आहे की पैसे साठवून सुनेला नागपूरला मोठ्या यंत्राच्या दवाखान्यात न्यावे का. सुनेला रक्तदाब, साखर, जुळे, आधीचे सिझेरियन असे काही असेल तर जरूर. कुठे न्यायचे ते आठव्या महिन्यातच ठरवा, कळा सुरू झाल्यावर नको. तसे काही नसेल तर जवळचा दवाखाना बरा, जिथे रात्री परिचारिका जागी असते. आधी एकदा रात्री जाऊन पाहून या.

शेवटची चिठ्ठी एका मुलीची आहे. तिने विचारले आहे की शिंगातून ऐकू येणारे ठोके बाळाचेच आहेत, आईचे नाहीत, हे कसे ओळखायचे. आज आलेला सर्वांत हुशार प्रश्न हाच. घाबरलेल्या, थकलेल्या आईची नाडीही मिनिटाला १२० वर जाऊ शकते आणि मग फसगत होते, यंत्राचीही होते. म्हणून एका हाताने आईचे मनगट धरायचे आणि त्याच वेळी कान पोटावर लावायचा. मनगटावरची नाडी आणि कानातला ठोका बरोबर पडत असतील तर तुम्ही आईलाच ऐकत आहात. शिंग थोडे सरकवा आणि पुन्हा शोधा. दोन्हींची चाल वेगळी लागली की मग घड्याळ पाहा आणि मोजायला सुरुवात करा.